अजिनाथची मानाची पट्टी

माझा धाकटा भाऊ अजिनाथ ह्याच्यावर आजपर्यंत कुनी काय लिहिलं न्हाई, ही लोकांची चूक हाय. म्हनून मीच लिहितोय. मी कानिफनाथ, त्याचा थोरला. माझी शाळा नववीपर्यंत झाली, पुढं जीप धरली. पाथर्डी ते आमचं गाव, दिवसाला चार फेऱ्या. गाडीच्या पुढच्या काचेवर 'अजिनाथचा दादा' आसं रंगवून घेतलंय. देवाचं नाव मागच्या काचेवर हाय.

अजिनाथचा जन्म राहुरीकडं, एका कारखान्याच्या तळावर, ऊसतोडीच्या कोपीत, म्हंजे पाचटाच्या झोपडीत, झाला. आई आमची बनुबाई सकाळी मोळ्या बांधून आली आन् दुपारी अजिनाथ आला. सुईनीनंतर त्याला पहिल्यांदा उचलला तो मी. तवा मी सहा वर्साचा, पन मला तवाच कळलं की ह्यो पोरगा साधा न्हाई. एक डोळा उघडा, एक झाकल्याला, जसा कायतरी मापतोय.

आन् तसंच निघालं. चार वर्साचा झाला तवा त्यानं टायरगाडीच्या फळीवर कोळशानं आमचं सगळं घर काढलं. आई सगळ्यात मोठी. मग मी. मग बैल. मग बाप.

बाप बघत बसला. "आरं, मी बैलापेक्षा बी ल्हान?"

"बैल मारत न्हाई," अजिनाथ म्हनला.

बाप दोन दिस कुनाशी बोलला न्हाई. तिसऱ्या दिशी बाजारातनं गोडीशेव घिऊन आला. अजिनाथनं गोडीशेव खाल्ली, फडकं ओलं केलं, जुना बाप पुसला आन् बैलाएवढा नवा काढला. माझ्याएवढा मातर केला न्हाई. हे मी मुद्दाम लिहितोय.

मानसाचं माप काढायचं डोकं त्याला तवापास्नंच. आता पाथर्डीत त्याचं दुकान हाय, 'अजिनाथ डिजिटल'. वाढदिवस, दशक्रिया, निवड झाली, निवड होनार हाय, सगळ्याचे फ्लेक्स करतो. फ्लेक्सवर नावं तर कुनीबी छापील. कुनाचा फोटू केवढा, हे कळाया अक्कल लागती. एकाचं डोकं सुपारीएवढं जास्त झालं की दुसरा चार मोटारसायकली घिऊन दुकानात. म्हनून अजिनाथनं एक पट्टी केली. लाकडाची, हातभर लांब, तिच्यावर लाल रेघा. रेघांशेजारी बारीक अक्षरात लिहिल्यालं: पुढारी, सरपंच, माजी सरपंच, चेअरमन, मुकादम, गुरुजी, जावई. सगळ्यात खाली बोटभर जागेत 'समस्त ग्रामस्थ'. 'भावी सरपंच' ही रेघ सरपंचाच्या रेघेवरच मारलीय, कारन भावी मानूस कवा खरा हुईल सांगता येत न्हाई. गॉगल घातला आसंल तर पाव इंच वाढवून. लोक तिला मानाची पट्टी म्हनत्यात. आख्ख्या तालुक्यात अशी दुसरी न्हाई. मी हिंडून बघितलंय.

मागच्या फाल्गुनात माझ्या जीपमधी पुन्याहून एक पोरगी आली. निकिता तिचं नाव. पाठीवर पिशवी, हातात वही. म्हनली, मानवशास्त्र शिकते, गावात तीन महिने ऱ्हानार हाय. तिनं पाथर्डीपास्नं गावापर्यंत एकच काम केलं: कोन कुटं बसतं ते लिहून घेतलं. पुढं माझ्याशेजारी गुरुजी, मधी म्हातारी मानसं आन् सुना, मागं पोरंटोरं आन् एक शेळी, फूटबोर्डावर दोघं लोंबकळत.

"दादा, ह्या जागा कोण ठरवतं?"

"कोन कशाला ठरवील? ज्याचं त्याला म्हाईतच आसतंय."

"आणि गुरुजींच्या जागेवर शेळीवाले काका बसले तर?"

म्या ब्रेकच दाबला. असला इचार माझ्या गाडीत पहिल्यांदा कुनी केला हुता.

परतीच्या फेरीला म्या तिला नेली सरळ पाथर्डीत, अजिनाथच्या दुकानात. तिला छापील फारम पायजे हुते, आन् मला माझा भाऊ दावायचा हुता. तिनं पट्टी बघितली आन् वही खालीच ठेवली.

"ही तुम्ही स्वतः केली?"

"व्हय. काय चुकलं का?" अजिनाथ म्हनला.

"चुकलं? अहो, आम्ही दोन वर्षं कॉलेजात जे शिकतो ते तुम्ही लाकडावर मारून ठेवलंय." मग तिनं स्टूल वढलं आन् सांगाया लागली. "माणसांचे समाज किती समान, किती असमान, ते बघताना तीन गोष्टी धरतात. जमीन, पाणी, खायला-प्यायला कोणाच्या हातात. हुकूम कोणाचा चालतो. आणि मान कोणाला. पहिल्या प्रकारात हे तिन्ही सगळ्यांना खुलं असतं. म्हणजे चांगली शिकार करणाऱ्याला मान असतोच, पण चांगले शिकारी दहा निघाले तर दहाही जणांना. मानाच्या खुर्च्या मोजून मांडलेल्या नसतात."

"आन् दुसऱ्यात?" अजिनाथनं इचारलं.

"दुसऱ्यात खुर्च्या मोजक्या. प्रमुख एकच, त्याचा मान मोठा. पण त्याच्या घरात धान्य काही जास्त नसतं. येईल तेवढं वाटून टाकावं लागतं, आणि कोणावर जबरदस्ती करता येत नाही. तिसऱ्यात मात्र जमीन, हुकूम, मान, तिन्ही थोड्याच लोकांकडे."

अजिनाथनं पट्टी उलटीपालटी केली. "तिसऱ्यात ते जन्मानं का कमाईनं?"

"दोन्ही सापडतं. कुठे माणूस वर-खाली होऊ शकतो, कुठे जन्मालाच कुलूप."

"आमच्या फ्लेक्सवर दोन्ही हाय," अजिनाथ म्हनला. "फोटू बदलता येतो. आडनाव बदलता येत न्हाई."

तिनं हे लगीच लिहून घेतलं. माझ्या भावाचं बोलनं पुन्याच्या वहीत गेलं, तारीख टाकून. म्या डोळ्यानं बघितलं.

म्या इचारलं, "मग आमचं गाव कितवं?"

"तिसऱ्यात येईल, दादा."

मला राग आला. "तिसरं? कबड्डीत आमी तालुक्यात पहिलं हाव. गाव स्वच्छतेत दुसरं, ते बी साहेब आला त्याच दिशी म्हशी सुटल्या म्हनून. तिसरं आमी कशातच न्हाई."

"अहो, ही परीक्षा नाही."

"आसं सगळंच मास्तर म्हनत्यात. वर यायला काय करावं लागंल तेवढं सांगा."

ती हसली, पन सांगितलं न्हाई. म्या ते डोक्यात ठेवलं.

आता अजिनाथच्या लग्नाचं. गावात कल्यान तात्या म्हनून हायेत, माजी सरपंच आन् भैरोबाच्या जत्रा कमिटीचे अध्यक्ष. त्यांची एकुलती पोरगी आरती. आई वारल्यापास्नं घर तीच सांभाळती, वर पाथर्डीच्या एका दवाखान्यात नर्स हाय. ही आरती आठवड्यातनं तीनदा अजिनाथच्या दुकानात आधार कार्डाची झेरॉक्स काढाया यायची. एकाच आधार कार्डाची. एवढ्या झेरॉक्सा तर सरकारकडं बी नसतील. म्या जीपमधनं सगळं बघत हुतो. शेवटी मीच तात्यांकडं गेलो आन् सरळ इचारलं.

तात्यांनी सुपारी कातरली. "पोरगी द्यायला माझी ना न्हाई. पोरगा कामाचा हाय."

"पाथर्डीत तसला—"

"आईक. चैत्रात जत्रा. कमानीवर फ्लेक्स तुझा भाऊच करनार. त्या फ्लेक्सवर माझा फोटू वाल्मिकपेक्षा बोटभर मोठा दिसला पायजे. मग त्याच दिशी सुपारी फोडू."

"बोटभर म्हंजे आडवं बोट?"

"उभं," तात्या म्हनले.

वाल्मिक म्हंजे ऊसतोडीचा मुकादम. चाळीस कोयते, म्हंजे नवरा-बायकोच्या चाळीस जोड्या, त्याच्या टोळीत. गावातली निम्मी मानसं दसऱ्यानंतर त्याच्याच टेम्पोत बसून कारखान्यावर जात्यात आन् पाडव्याच्या सुमाराला परत येत्यात. भैरोबाच्या पालखीला खांदा बी त्याच्याच टोळीची मानसं देत्यात. दुसऱ्या दिशी सकाळी त्यो दुकानात हजर.

"अजिनाथ, मला समदं कळलंय. कल्यान माझ्यापेक्षा नखाएवढा जरी मोठा झाला, तर पालखीला माझा एक मानूस येनार न्हाई. देव बसंल देवळात, आन् गाव इचारील कुनामुळं."

त्यो गेल्यावर अजिनाथ पट्टी मांडीवर घिऊन बसला. तोंड पार उतरल्यालं. "दादा, एकाला मोठा केला तर पालखी जाती. न्हाई केला तर आरती जाती."

"मी हाय ना," म्या म्हनलो.

पहिल्यांदा त्यानं दोघं सारखं केलं. कच्चा फ्लेक्स दावला तर तात्या शिंप्याची टेप घिऊन आले. "वाल्मिकनं फेटा बांधलाय. फेटा धरून त्यो चार बोटं वर जातोय." अजिनाथनं तात्यांना फेटा चढवला. मग वाल्मिक आला, कोयत्याची मूठ घिऊन, त्याचं माप तेच. "कल्यानचा तुरा मोठा हाय." तुरा कापला. तात्यांनी गॉगल मागितला. वाल्मिकनं गॉगल आन् हातात मोबाईल मागितला. तात्यांनी दोन मोबाईल मागितले. दिसभर आसंच. शेवटी दोघांची डोकी तेवढीच ऱ्हायली, पन फेटं एवढं वाढलं की भैरोबा मागं झाकून गेला.

मग म्या डोकं चालवलं. म्हनलो, फ्लेक्स दोन कर. वरच्या वेशीला तात्या मोठं, खालच्या वेशीला मुकादम मोठा. तात्यांचं घर वर, मुकादमाचं खाली. कोन कशाला उन्हाचं दुसऱ्या वेशीला जातंय? कल्पना माझी हुती आन् अजून बी मी तिला चांगलीच म्हननार. पन त्या दोघांना एकाच येळी एकमेकाचा फ्लेक्स बघायची हौस आली. दोघं मधी मारुतीपाशी भेटलं. आधी एकमेकावर वरडलं, मग दोघं मिळून अजिनाथवर.

तात्या म्हनले, "परवा जत्रा. तवर फ्लेक्स नीट लागला न्हाई, तर ह्या पोरानं माझ्या दारात चप्पल काढायची न्हाई."

वाल्मिक म्हनला, "माझं बी तेच. पालखीचं तेवढं धरून."

अजिनाथ दोन्ही फ्लेक्स काढून, गुंडाळी खांद्यावर टाकून माझ्या जीपमधी येऊन बसला. मागं, शेळीच्या जागेवर. मला लई वाईट वाटलं. माझा भाऊ पुढं बसायचा मानूस.

दुसऱ्या दिशी वाटे. जत्रेच्या आदल्या दिशी आमच्या गावात देवळामागच्या लिंबाखाली मटनाचे वाटे पडत्यात. जेवढी घरं तेवढे वाटे, त्रेचाळीस. मेनकापडावर सारख्या ढिगल्या मांडायच्या. काळीज बारीक चिरून सगळ्यांत थोडं थोडं, नळी एकाला आली तर त्याला चरबी कमी. मग दगडाबाई वाट्यांकडं पाठ करून बसती. सत्तरीची म्हातारी हाय, अजून ऊस तोडती. एकानं एका ढिगलीवर बोट ठिवायचं आन् इचारायचं, "ह्यो कुनाचा?" दगडाबाईनं न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव त्याचा वाटा. कुनी हूं की चूं करायचं न्हाई. आन् नाव घेती ते घरातल्या बाईचं, जी ते चुलीवर ठिवनार तिचं. कोपीत आसल्यापास्नं तिला घरं तशीच ठावं.

आमी गेलो तवा निकिता तितंच मांडी घालून बसली हुती. माझ्याकडं बघून हळूच म्हनली, "दादा, हे बघा. कोणाच्या वाट्याला जास्त नाही, देणारीला कळत नाही कोणता वाटा कोणाला देतेय, आणि भांडण नाही. हा पहिला प्रकार."

"पहिला?" मी उडालोच. "म्हंजे गाव वर आलं?"

"तेवढ्या कोपऱ्यात तरी."

पन अजिनाथ आयकत नव्हता. त्यो दगडाबाईच्या पाठीकडं बघत हुता, तसाच, एक डोळा उघडा आन् एक झाकल्याला. शेवटची ढिगली दिली. दगडाबाई गुडघ्यावर हात ठिवून उठाया लागली, तवर ह्यो वरडला, "आजी, उठू नकु!"

त्यानं जीपमधला एक फ्लेक्स आनला आन् पालथा आंथरला. मागची बाजू पांढरी. चुलवनातला कोळसा घेतला, मानाची पट्टी आडवी धरली आन् रेघा मारल्या. वर मधी भैरोबा. खाली त्रेचाळीस चौकोन, सगळे सारखे, आन् कोपऱ्यात दुकानाचा फोन नंबर. पट्टीवरच्या लाल रेघांकडं त्यानं बघितलं सुदीक न्हाई.

"मटनाचे वाटे झाले," अजिनाथ म्हनला. "आता मानाचे."

लोक हसाया लागले, पन वाटा हातात आसल्यावर मानसाचं डोकं थंड ऱ्हातंय. कल्यान तात्या म्हनले, चालंल. वाल्मिक म्हनला, चालंल. दोघांचा डोळा एकाच चौकोनावर, भैरोबाच्या पायाखालच्या.

अजिनाथनं बोट ठिवलं. "ह्यो कुनाचा?"

"बनुबाईचा," दगडाबाई म्हनली. आमच्या आईचा. पहिलाच. बघा.

"ह्यो कुनाचा?"

"भीमाच्या सुनंचा."

आठ-धा चौकोन झाले तवा वाल्मिकच्या ध्यानात आलं. "ए म्हातारे, बायांचीच नावं घेती काय? फ्लेक्सला गडी लागतो."

दगडाबाईनं मान बी वळवली न्हाई. "चाळीस वर्सं वाट्याला मी हीच नावं घेत्ये. तुझं कवा घेतलं? तू ठिवतो का चुलीवर?"

"आगं पन फोटू—"

"आता मधीच बदलायचं आसंल तर मटनाचे बी पयल्यापास्नं मांडा. ठिवा समद्यांनी खाली."

त्रेचाळीस पिशव्या छातीशी गच्च झाल्या. कुनी ठिवली न्हाई. कल्यान तात्यांनी तर पिशवी पाठीमागं लपवली. "चालू द्या, चालू द्या," म्हनले.

चालू ऱ्हायलं. शेवटी दोनच चौकोन उरले. एक भैरोबाच्या पायाखालचा, एक पार कोपऱ्यात, 'अजिनाथ डिजिटल'च्या फोन नंबरापाशी. आन् घरं बी दोनच उरली, तात्यांचं आन् मुकादमाचं. कुनी तंबाकू सुदीक मळंना. अजिनाथनं बोट एकदा हिकडं, एकदा तिकडं नेलं. कुटं ठिवावं त्याला कळंना, कारन म्हातारीच्या तोंडातनं काय निघंल त्याला तरी काय म्हाईत? शेवटी डोळं मिटून कोपऱ्यात ठिवलं.

"ह्यो कुनाचा?"

दगडाबाईनं आधी मिसरीची चूळ भरली. सावकाश थुकली.

"सविताचा."

सविता वाल्मिकची बायको. म्हंजे मधला चौकोन आरतीचा. काही लोक अजून म्हनत्यात की म्हातारीच्या समोर टेम्पोचा आरसा हुता, त्यात तिला बोट दिसत हुतं. आसंल. तिला चष्म्याबिगर आख्खा टेम्पो बी दिसत न्हाई.

रातोरात न्हाई, दुपारीच छापला. फोटू कुनाकडं हुते? बायांचे आधार कार्डावरचे तेवढे. म्हनून जत्रेच्या सकाळी कमानीवर भैरोबा आन् त्याच्याखाली त्रेचाळीस बाया, सगळ्या डोळं फाडून बघत्यात, जशा आत्ता कुनी चोर पकडलाय. एकट्या आरतीचा फोटू सुरेख आला. तिच्या झेरॉक्सा भरपूर हुत्या, त्यातली चांगली अजिनाथनं जपून ठिवल्याली.

तात्या टेप घिऊन आले, वाल्मिक कोयत्याची मूठ घिऊन. दोघांनी शिडी लावून आरतीचा आन् सविताचा फोटू मापला. सारखाच.

तात्या खाली उतरले. "सारखा भरला. माझं बोलनं बोटभर मोठ्याचं हुतं."

अजिनाथचा रंग उडाला. तवर आरती पुढं आली. दवाखान्यातनं सुट्टी काढून आलती. "तात्या, तुमचा फोटू कुनापेक्षा मोठा पायजे हुता?"

"ह्या वाल्मिकपेक्षा."

"वाल्मिककाकांचा फोटू केवढा हाय?"

तात्यांनी वर बघितलं. "न्हाईच की."

"मग? तुमी तर आख्खं हितं उभं हाय. अजून किती मोठं व्हायचं?"

तात्यांनी टेप गुंडाळून खिशात घातली. मग फ्लेक्सच्या मधोमध बघितलं. मिशीत हसले. "आन् मधी आमच्याच घरचं हाय."

"मधी आसू दे," वाल्मिक म्हनला. "आमची नंबरापाशी हाय. जो फोन लावंल त्यो आधी तिलाच बघंल." आन् टोळीला वरडला, "बघताय काय? उचला पालखी!"

पालखी उठली आन् त्याच दिशी, देवळाच्या पायरीवर, सुपारी फुटली.

म्या गर्दीतनं निकिताला गाठलं. "आता सांगा. कितवं?"

तिनं फ्लेक्सकडं बघितलं, हातातल्या पत्रावळीकडं बघितलं. "मधल्या जागेचा मान एकीलाच. पण मटण सगळ्यांना सारखं, आणि जबरदस्ती कोणाचीच चालली नाही. आजच्या दिवसापुरतं दुसऱ्यात धरू."

एका दिसात तिसऱ्यातनं दुसऱ्यात! तालुक्यात दुसरं कुटलं गाव आसं चढलंय ते दावा मला. म्या तवाच जीपवर लिहून घेनार हुतो, पन ती म्हनली की जमिनीचं आन् हुकमाचं अजून बाकी हाय, घाई नको. तरी जीपमधी म्या एक केलं. आता पुढच्या सीटचं नाव दगडाबाई घेती, पाठ करून. पहिल्याच दिशी ती शेळीला मिळाली. गुरुजी मागं बसले, आन् शेळीनं त्यांचा पेपर खाल्ला, पन कुनी हूं की चूं केलं न्हाई.

वैशाखात अजिनाथचं लगीन झालं. लग्नाचा फ्लेक्स त्यानं सोताच केला. मला म्हनला, "दादा, आता पट्टी मोडली. आपल्या घरातले समदे फोटू सारखे."

म्या म्हनलो, बरोबर हाय, मला कुटं पायजे जास्त.

मांडव उठल्यावर फ्लेक्स घरी आनला आन् सहज मापला. आई, बाप, आरती, अजिनाथ, सगळी सारखी. माझा अर्धा इंच जास्त. म्या त्याला इचारलं तर म्हनला, चुकून झालं आसंल, मशीनीत कापड वढलं गेलं.

माझ्या भावाचं माप आजपर्यंत कवा चुकलेलं न्हाई.